आघाडाबाईंचे अळणी गुरुवार

एका जंगलात, बाळांनो, सशांचं एक बीळ होतं. गोष्ट ऐकण्याआधी हातात चार अक्षता घ्या. अक्षता नसतील तर शेंगदाणे घ्या. पण गोष्ट संपेपर्यंत ते खायचे नाहीत. ज्यांना राहवणार नाही, त्यांनी आत्ताच खाऊन टाका, म्हणजे लक्ष गोष्टीत राहील.

तर बीळ होतं. दारात रोज रांगोळी असायची. आत एक सून होती, तिचं नाव दुर्वा. सासू होत्या, त्यांचं नाव आघाडाबाई. दुर्वा आणि आघाडा पूजेच्या तबकात शेजारीशेजारी असतात, म्हणून घरातही ती दोन नावं गुण्यागोविंदानं नांदत होती असं समजू नका. दुर्वेचे यजमानही होते. दुर्वा त्यांचं नाव घेत नसे, म्हणून मीही घेत नाही. ते सदानकदा बिळाची पुढची खोली खणत असायचे.

आघाडाबाई मोठ्या कडक. सोमवार करायच्या, मंगळवार करायच्या, चतुर्थी, एकादशी, प्रदोष काही सोडायच्या नाहीत. आठवड्यात जेवायचा असा एक बुधवारच उरला होता. नेमकं त्या दिवशी त्यांचं पोट बिघडायचं. पण देवावर त्यांचा राग नव्हता. राग होता तो दुर्वेच्या स्वयंपाकावर.

त्या जंगलाच्या वेशीपलीकडे एक शहर होतं. शहरातली माणसं हौशी. वाढदिवसाला कुत्रा आणायची. पिल्लू आहे तोवर त्याचे फोटो काढायची. पिल्लू मोठं झालं, गालिच्यावर केस पडायला लागले, की त्याला गाडीत घालून वेशीवर आणायची. "जा, आता मोकळा आहेस," म्हणायची आणि काच वर करून निघून जायची. कुत्रा बिचारा मोकळा व्हायला आलेलाच नसायचा. तो तिथंच बसून गाडीची वाट बघायचा.

म्हणून जंगलात एक मंडळ निघालं. जंगलात काही झालं की मंडळ निघतंच. त्याचं नाव निराधार श्वान निवारा मंडळ. खारूताई अध्यक्ष, खारूताई चिटणीस आणि कुत्र्यांना उचलून आणणारीही खारूताईच. बाकीच्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या.

एका सकाळी खारूताई धापा टाकत बिळाशी आली. तिच्यामागे एक भलामोठा तपकिरी कुत्रा होता. कान खाली, शेपूट पोटाशी.

"दुर्वावहिनी, चार दिवस ठेवून घ्या हो याला. तात्पुरता सांभाळ. कायमचं घर मी शोधतेच आहे."

"तात्पुरता म्हणजे किती?" दुर्वेनं विचारलं.

"तात्पुरता म्हणजे... तात्पुरता."

दुर्वेनं त्याच्याकडे पाहिलं. तिला कुत्र्याची भीती वाटायला हवी होती. सशांचा तो धर्मच. पण कुत्रा तिच्यापेक्षा जास्त घाबरला होता, त्यामुळे तिच्या वाट्याला भीती उरलीच नाही.

"नाव काय याचं?"

खारूताईनं त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बोट केलं. त्यावर लिहिलं होतं, टायगर. "पण हे नाव चालणार नाही," खारूताई हळूच म्हणाली. "गुहेतून निरोप आलाय. एका जंगलात दोन नकोत म्हणून."

एवढ्यात आतून आवाज आला. "कोण आलंय गं? आणि हा वास कसला?"

आघाडाबाई बाहेर आल्या. अंगावर त्यांची सोवळ्याची धाबळी होती. ही लोकरीची धाबळी नेसूनच त्या पूजा करायच्या, आणि तिला घरात कुणी शिवायचं नाही असा दंडक होता. यजमानांनी एकदा चुकून बोट लावलं, तर त्यांना तीनदा अंघोळ करावी लागली होती.

कुत्र्यानं आघाडाबाईंना पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, तो सरळ गेला आणि त्याने धाबळीच्या पदरात तोंड लपवलं.

"अरे मेल्या!" आघाडाबाई ओरडल्या.

कुत्र्याचे कान उभे राहिले. तो टायगर ह्या नावाला कधी असा वळला नव्हता. त्या दिवसापासून त्याचं नाव मेल्या पडलं.

आघाडाबाईंनी तीनदा अंघोळ केली. मग बाहेर येऊन निकाल दिला. "दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून दारातून हाकलत नाही. पण या घरात जे येतं ते व्रतानं येतं आणि व्रतानं जातं. पाच गुरुवार करायचे. अळणी. घरात कुणाच्या तोंडात मिठाचा कण जाता कामा नये. याच्यासुद्धा. पाचव्या गुरुवारी उद्यापन. कुंकू लावून, नारळ देऊन याला चांगल्या घरी पाठवायचं. मध्ये एकदा जरी मीठ पडलं, तरी व्रत मोडलं. पुन्हा पहिल्यापासून. मोडलेलं व्रत मी पुढे रेटत नाही. चालेल?"

"चालेल," खारूताई म्हणाली. तिला दुसरं बीळ नव्हतं.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. मेल्या बिळात मावेना. डोकं आत, मागचा अर्धा अंगणात. यजमानांना खणायला निमित्त मिळालं, ते खूश झाले. मेल्याला केरसुणीची भीती वाटायची. दुर्वा केर काढायला लागली की तो पाटाखाली घुसायचा. पाटाखाली त्याचं नाक तेवढं जायचं, पण त्याचं समाधान व्हायचं. दुर्वेनं मग केरसुणी लपवली आणि शेपटीनं केर काढू लागली.

तो बोलायचा नाही. फक्त संध्याकाळी दारात येऊन एवढंच विचारायचा, "गाडी आली का?"

दुर्वेच्या डोळ्यांत पाणी यायचं. उत्तर आघाडाबाई द्यायच्या. "आली नाही. आली की सांगते. तोवर रताळं खा. आणि पाय पुसून आत ये, मेल्या."

हळूहळू तो रुळला. आणि रुळला तो सशांच्याच घरात, त्यामुळे सशासारखा रुळला. गाजराचा पाला खाऊ लागला. खडखड झाली की एका जागी गोठून उभा राहू लागला. ससे धोका दिसला की मागचा पाय जमिनीवर आपटतात. मेल्याही आपटू लागला. दुर्वेनं आपटला की ठप् वाजायचं. मेल्यानं आपटला की फडताळातली भांडी खाली यायची. भुंकणं मात्र तो साफ विसरला.

एक दिवस संध्याकाळ झाली आणि त्यानं गाडीचं विचारलंच नाही. आघाडाबाई बराच वेळ दाराकडे बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "आज याला झालंय तरी काय? बरं नाही की काय?" आणि त्याच्या कपाळाला हात लावून आल्या. धाबळी नेसलेल्या होत्या. अंघोळ केल्याचं कुणी पाहिलं नाही.

पाचवा गुरुवार आला. दुर्वेनं रताळ्याची खीर केली, नारळ पुसून ठेवला. खारूताई रानडुकरीणबाईंना घेऊन आली. बाईंचं कंदांचं मोठं शेत होतं. त्यांना राखणदार हवा होता.

"भुंकतो का?" बाईंनी विचारलं.

मेल्यानं त्यांना पाहून पाय आपटला आणि दुर्वेच्या मागे लपला. दुर्वेच्या मागे लपल्यावर तो अख्खा दिसत होता.

"हं," बाई म्हणाल्या. "चालेल. दोन दिवस उपाशी बांधला की भुंकायला लागेल. आमच्या आधीच्याला असंच शिकवलं."

"प्रेमानंही शिकेल हो तो," दुर्वा चाचरत म्हणाली. खारूताईनं हातातला कागद पुढे केला. कागदावर जागा आहे का, कुंपण आहे का, सगळं विचारलं होतं. प्रेमाचा रकाना नव्हता.

"आधी प्रसाद," आघाडाबाई म्हणाल्या. त्यांनी खिरीचा एक थेंब जिभेला लावला आणि डोळे मोठे केले. "सूनबाई! हे काय? मीठ!"

"मीठ? खिरीत?" दुर्वा गार पडली.

"चिमूटभर पण मीठच. झालं. व्रत मोडलं. रानडुकरीणबाई, तुमचा नारळ राहिला. पाच आठवड्यांनी बघू."

"मला एवढा वेळ नाही," म्हणत बाई फुरफुरत निघून गेल्या.

दुर्वा दिवसभर रडत होती. मीठ पडलं कसं तिला कळेना. आघाडाबाईंनी तिला चांगलं सुनावलं. "तुझं लक्ष कुठे असतं? उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, एवढंही कळत नाही?" सुनावताना त्यांचा एक हात मेल्याच्या डोक्यावर होता. बाळांनो, हे मी तुम्हाला सांगते आहे. दुर्वेनं ते पाहिलं नव्हतं, कारण ती रडत होती.

पुन्हा पहिला गुरुवार, दुसरा, तिसरा, चौथा. या वेळी दुर्वेनं मिठाची बरणी पाटावरून काढून उंच कोनाड्यात ठेवली.

पाचव्या गुरुवारी मोर आणि मोरीण आले. मोरानं मेल्याभोवती एक चक्कर मारली. "रंग तपकिरी आहे का? हरकत नाही. आमच्या पिसाऱ्यामागे तपकिरी उठून दिसेल. जरा इकडे मान कर बघू. हां, असाच बसून राहा. अरे, हलू नकोस ना!"

"जंगलच्या गटावर फोटो टाकायचाय," मोरीणताई खारूताईला म्हणाल्या. "सगळ्यांनी घेतलेत निराधार. आमच्याकडेच नाही. बरं दिसत नाही ते."

"आणि पावसाळा संपला, तुमचा पिसारा गळला की?" दुर्वेनं भीतभीत विचारलं.

"मग फोटो कशाला काढायचे?" मोर म्हणाला.

आघाडाबाईंनी खीर चाखली. "सूनबाई! पुन्हा मीठ!"

दुर्वा पळत कोनाड्यापाशी गेली. बरणी जागेवर होती, झाकण लागलेलं होतं. तिनं यजमानांना विचारलं. ते खड्ड्यातून म्हणाले, "मी खणतोय." तिनं मेल्याकडे पाहिलं. मेल्यानं मान खाली घातली, पण तो मान कशालाही खाली घालायचा. शेवटी दुर्वेनं स्वतःवरच दोष घेतला. तिनं देवाला दिवा लावला आणि म्हणाली, "देवा, माझ्या हाताला वळण दे. याला घर मिळू दे." मग थोडं थांबून अगदी हळू म्हणाली, "फार घाई नको करूस."

पुन्हा पहिल्यापासून. खारूताईला आता घाम फुटला होता. वेशीवर आणखी तीन कुत्री बसली होती आणि तिच्याकडे बीळ एकच होतं. "दुर्वावहिनी, हा हलला तर दुसरा येणार ना हो. एक जरी हलला, तरी मागच्याचा जीव वाचतो," ती म्हणाली. ऐकून आघाडाबाई माळ ओढायच्या थांबल्या.

तिसऱ्या फेरीच्या तिसऱ्या गुरुवारी दारात एक म्हातारं कासव उभं राहिलं. त्यांचं नाव कमठकाका. तळ्याकाठी एकटेच राहायचे.

"कुत्र्याचं कळलं म्हणून आलो. पहिल्या गुरुवारी निघालो होतो," ते म्हणाले.

"बसा ना, काका," दुर्वा म्हणाली.

"काय?"

"बसा म्हटलं!"

"नाही, भूक नाही मला."

कमठकाकांना ऐकू येत नव्हतं. गेल्या वैशाखात उतारावरून घसरून ते पाठीवर पडले होते आणि दोन दिवस तसेच पाय हलवत राहिले होते. हाका मारल्या, पण कुणी ओ दिली का ते त्यांना कळलं नाही, आणि नंतर हाका मारायला दमच राहिला नाही. तिसऱ्या दिवशी एक म्हैस तिथून चालली होती, तिचा पाय लागून ते सुलटे झाले. "म्हशीनं माफी मागितली असावी," काका म्हणाले. "मी तिला जेवायला बोलावणार होतो. तेवढ्यात गेली. घाईत असतात सगळे."

एवढ्यात अंगणाच्या उतारावर त्यांचा पाय घसरला. बाळांनो, ते पुन्हा पाठीवर गेले. चारी पाय वर. "होतं असं," ते शांतपणे म्हणाले. "बसा तुम्ही. म्हैस येईल एखादी."

मेल्या गोठून उभा राहिला होता. त्यानं मागचा पाय जमिनीवर आपटला. ठप्प! फडताळातली भांडी खाली आली. आणि पाठीवर पडलेले कमठकाका दचकून म्हणाले, "कोण आलं?"

काकांना ऐकू येत नव्हतं, पण पाठीतून जमीन कळत होती.

मेल्या पुढे गेला. त्यानं नाक कवचाखाली घातलं आणि काकांना एका झटक्यात सुलटं केलं. मग त्यांच्याजवळ बसला. काकांनी मान हळूहळू बाहेर काढली, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला गरम होतं का रे तळ्याकाठी? सावली आहे तिथे. नाव काय तुझं?"

कुणी आजवर मेल्याला काही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी खारूताईलाच विचारलं होतं.

खारूताईनं कागदावर ठप्पा मारला. उद्यापन दोन गुरुवारांनी, असं तिनं काकांना बोटांनी दाखवलं. काका म्हणाले, "मग मी घरी जात नाही. इथेच थांबतो. नाहीतर पोचेपर्यंत परत निघायची वेळ होईल."

त्या दिवशी आघाडाबाईंनी खाल्लं नाही. उपासाचा दिवस होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या गुरुवारी दुर्वा पहाटे उठली. खीर चुलीवर ठेवून पाणी आणायला गेली, आणि परत येऊन थबकली. खिरीच्या पातेल्यासमोर आघाडाबाई उभ्या होत्या. त्यांची मूठ पातेल्यावर होती. शेजारी मेल्या बसला होता. मुठीकडे बघत. त्याला हे सगळं आधीपासून ठाऊक असावं.

"सासूबाई," दुर्वा म्हणाली. "मुठीत काय आहे?"

"माझं वय आहे मुठीत. खीर बघ, खाली लागतेय."

"दोन्ही वेळा तुम्हीच..."

"मग काय करायचं होतं?" आघाडाबाई वळल्या. "त्या रानडुकरिणीकडे द्यायचा होता, उपाशी बांधायला? की त्या मोराकडे, पडद्यासारखा टांगायला? देवाला काय वाटलं असतं? तुला सुचत नव्हतं नाही म्हणायला. मलाही येत नाही. आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नाही. आमच्या वेळी सुनेला नाही म्हणता येत नसे. उपास आहे एवढंच म्हणता येत असे."

दुर्वेनं पातेलं चुलीवरून उतरवलं. मग म्हणाली, "आणि आज? कमठकाका तर चांगले आहेत."

"चांगले आहेत हीच तर अडचण आहे," आघाडाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुर्वाही त्यांच्याजवळ बसली. "सासूबाई, खरं सांगू? दर पाचव्या गुरुवारी मलाही वाटायचं, आज कुणीतरी मीठ टाकावं."

"मग टाकलं का नाहीस?"

"तुमची भीती वाटायची."

आघाडाबाईंना हसू आलं. मेल्यानं मागचा पाय हळूच आपटला. बाहेर अंगणात कमठकाका म्हणाले, "आलो, आलो!" आणि निघाले. दारापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागणार होता.

"काकांना जमिनीतून कळतं," आघाडाबाई स्वतःशीच म्हणाल्या. "याच्याशिवाय दुसरं कोण कळवणार त्यांना?" त्यांनी मूठ उघडली. मिठाकडे पाहिलं, खिरीकडे पाहिलं. मग मूठ पातेल्यावर न नेता तोंडाकडे नेली आणि सगळं मीठ स्वतःच चाटून टाकलं.

"अहो, हे काय!"

"काही नाही. खीर शुद्ध आहे. तुझं व्रत पुरं झालं. उद्यापन तुझ्या हातानं कर," आघाडाबाई तोंड वाकडं करत म्हणाल्या. "दंडक माझाच, तर मोडलंही माझंच. आता पाणी दे."

दुर्वेनं मेल्याला कुंकू लावलं. काकांच्या कवचावर नारळ ठेवला, तो घरंगळला, मेल्यानं तोंडात धरला. निघताना मेल्या दारात थांबला. पुढे जाईना.

आघाडाबाई आत गेल्या आणि धाबळी घेऊन आल्या. ती त्यांनी मेल्याच्या पाठीवर बांधली. "जुनी झाली होती," त्या म्हणाल्या. नव्हती झाली. "नवीन जागी पहिले दिवस झोप लागत नाही. यात तोंड खुपसून झोप. आमचा वास आहे तिला." मग त्या वाकल्या आणि त्याच्या कानाजवळ म्हणाल्या, "जा, मेल्या. या वेळी गाडी नाही. या वेळी घर आहे."

मेल्या गेला. खूप वेळ दिसत राहिला, कारण कमठकाकांच्या चालीनं चालला होता.

पुढचे दोन दिवस बिळात फार जागा झाली. यजमान खणायचे थांबले. दुर्वेनं केरसुणी बाहेर काढली. आघाडाबाई दोन्ही संध्याकाळी दारात बसल्या.

"सासूबाई, काय बघताय?"

"वारा खातेय."

तिसऱ्या दिवशी त्या ताडकन उठल्या आणि झाडाकडे तोंड करून ओरडल्या, "खारे! अगं ए खारे! माझं व्रत मोडलंय, माहीत आहे ना? मोडलेलं व्रत मी पुढे रेटत नाही. पुन्हा पहिल्यापासून करायला हवं. येत्या गुरुवारच्या आत कुत्रा आण!"

खारूताई फांदीवरून पडता पडता वाचली. "कसा आणू, काकू? एक तीन पायांचा आहे, एक आंधळी म्हातारी आहे आणि एक सगळ्यांना चावतो."

"चावणारा आण," आघाडाबाई म्हणाल्या. "व्रत कठीण असलं की लवकर मोडतं."

दुर्वेनं मिठाची बरणी कोनाड्यातून काढली आणि खाली पाटावर ठेवली. सासूबाईंचा हात सहज पोचेल अशी.

तात्पर्य : नीट पार पडलेलं व्रत एकदाच फळतं. मोडलेलं पुन्हा पुन्हा फळतं. म्हणून बाळांनो, घेतला वसा टाकू नये, पण त्यात थोडं मीठ जरूर टाकावं. आता अक्षता तुळशीला वाहा. शेंगदाणे असतील तर खाऊ शकता. खारे असतील तर विशेष पुण्य.